मित्राचा ट्युलिप उमलतो, आपला हार्ट का फिसकटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तिघे मित्र, तिघांकडे घरगुती एस्प्रेसो मशीन. दर रविवारी प्रत्येकाने कॉफीवर दुधाच्या फेसाने चित्र (लाटे आर्ट) काढत एक कप ओतायचा, ग्रुपवर फोटो टाकायचा आणि उरलेल्या दोघांनी चिडवायचं. चार महिने झाले, एकाचा ट्युलिप चार थरांवर पोचला आणि तुमचा हार्ट अजून कधी कांद्यासारखा, कधी नुसताच पांढरा डाग. त्याचं मशीन डबल बॉयलर (कॉफीला आणि वाफेला वेगळी टाकी), तुमचं सिंगल बॉयलर (दोन्हींना एकच). तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मनगटाचा सराव कसा करू, टोकदार चोचीचा नवीन जग (दूध फेसाळून ओतायचं भांडं) घेऊ का, आणि मशीन वेगळी असताना ही स्पर्धा न्याय्य आहे का.

मनगटाकडे नंतर येऊ. तुम्ही जी फोटोंची माळ वर्णन केली आहे (एका रविवारी डाग, पुढच्या रविवारी काहीच उमटलं नाही, त्यानंतर परत जाड पांढरा गोळा) ती हाताची चूक वाटत नाही. हाताची चूक बहुधा दर वेळी सारखीच होते. हार्ट नेहमी डावीकडे कलतो, शेपूट नेहमी वाकडं येतं. दर आठवड्याला वेगळंच काहीतरी बिघडत असेल, तर दूध दर आठवड्याला वेगळं तयार होतंय. फोटोत ओतण्याचे शेवटचे पाच सेकंद दिसतात, म्हणून सगळे तेच सुधारायला जातात. कपात काय उमटणार हे त्याआधीच्या मिनिटभरात बरंचसं ठरलेलं असतं.

हा झाला अंदाज. खात्री करायची तर तिघे एकत्र भेटाल त्या दिवशी एक चाचणी करा. ट्युलिपवाल्या मित्राने त्याच्या मशीनवर मोठ्या जगात ३०० मिली दूध फेसाळायचं आणि लगेच त्यातलं निम्मं तुमच्या जगात ओतायचं. नुसतं निम्मं ओतून थांबू नका. तेवढ्याने फेस दोन्हीकडे सारखा वाटला जात नाही. दोन्ही जगांमध्ये दोनदा इकडून तिकडे करा म्हणजे पोत सारखा होतो. हे सगळं दहा सेकंदांत उरकायचं. मग दोघांनी एकाच वेळी एकाच आकाराच्या कपात हार्ट ओतायचा. त्याच्या दुधाने तुमचा हार्ट नीट आला, तर दोष तुमच्या फेसाळण्यात. त्याच्याच दुधाने त्याचा आला आणि तुमचा नाही, तर दोष ओतण्यात. नंतर उलटं करा, तुमचं दूध त्याच्या हातात द्या. चार थरांचा ट्युलिप काढणाऱ्यालाही त्या दुधाने नुसता डाग आला, की पुढचा महिनाभर काय करायचं ते ठरलं.

आता मशीनचा मुद्दा. फरक खरा आहे, पण तो तुम्हाला वाटतो तिथे नाही. १५० मिली दूध ४ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३३ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती वाफेचं दुधात पाणी होताना मिळते. जगाचं स्टील तापतं ते धरून हिशेब केला तर १४–१५ ग्रॅम वाफेचं पाणी दुधात मिसळतं. हे कोणत्याही मशीनला चुकलेलं नाही. डबल बॉयलर हे काम १५ ते २५ सेकंदांत करतो, सिंगल बॉयलरला ४० ते ६० सेकंद लागतात. म्हणजे वाफ कमी नाही, सावकाश आहे. सावकाश वाफेचा फायदा असा की हवा कधी थांबवायची याचा विचार करायला वेळ मिळतो. शिकणाऱ्यासाठी हे वाईट नाही. तोटा असा की जगात फिरणाऱ्या दुधाचा भोवरा लवकर धरत नाही आणि मोठे बुडबुडे फोडायला जोर पुरत नाही.

म्हणून जग वजनकाट्यावर ठेवायची सवय लावा, फेसाळण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. तेवढ्याच तापमानाला वजन १४–१५ ग्रॅमने वाढलं तर वाफ कोरडी आहे. २० ग्रॅमच्या वर गेलं तर वाँडमध्ये (वाफेच्या नळीत) साठलेलं पाणी दुधात जातंय किंवा दूध फार तापतंय. पाणचट दुधावर हार्टची कड कधीच धारदार येत नाही. यावर उपाय फुकटचा आहे: दुधात घालण्याआधी वाँड फडक्यात धरून वाफ पूर्ण सोडा, फुर्र फुर्र थांबून एकसारखा सूं आवाज येईपर्यंत. सिंगल बॉयलरमध्ये याला पाच-सात सेकंद लागतात आणि बरेच जण दोन सेकंदांत आटपतात.

याच जातीच्या मशीनची आणखी एक खोड. वाफ तयार असल्याचा दिवा लागतो तेव्हा थर्मोस्टॅटने हीटर बंद केलेला असतो, आणि तुम्ही नेमकी तेव्हा वाफ सोडायला सुरुवात करता. पुढचे वीसेक सेकंद दाब पडत जातो आणि भोवरा मरतो. दिवा लागायच्या चार-पाच सेकंद आधी वाफ सुरू केली तर हीटर चालूच राहतो. किती आधी हे मशीनवर अवलंबून आहे, त्यामुळे घड्याळ लावून तुमच्या मशीनला दिवा लागायला किती वेळ लागतो ते आधी मोजा. तापमान आपोआप सांभाळणारी नवी मशीन असतील तर यातलं काही करावं लागत नाही.

आता दूध. कोणतं, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, चकाकी आणि जडपणा देतो तो स्निग्धांश. कमी फॅटचं दूध भराभर फुगतं पण फेस कोरडा आणि ताठ होतो, शिकताना फसवतो. पूर्ण फॅटचं, होमोजनाइज्ड (साय वेगळी होऊ नये म्हणून एकजीव केलेलं), फ्रीजमधून नुकतंच काढलेलं दूध सगळ्यात सोपं जातं. आधी उकळलेलं असेल तर सायीचे कण गाळून घ्या. उघडून बरेच दिवस झालेलं दूध चवीला ठीक लागलं तरी फेस धरत नाही, कारण स्निग्धांश तुटून सुटी झालेली आम्लं फेस मारतात. ‘काल जमलं, आज त्याच पिशवीतून का नाही’ याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. ओटचं दूध वापरायचं असेल तर बरिस्तांसाठी (कॅफेत कॉफी बनवणाऱ्यांसाठी) बनवलेलं घ्या. साध्या ओट दुधावर सराव करणं म्हणजे स्वतःला उगाच छळणं.

३५० मिलीच्या जगात १५० मिली दूध. वाँडचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम पाच मिलीमीटर खाली, मध्यापासून थोडं बाजूला, जग किंचित कललेला. वाफ पूर्ण उघडा. अर्धवट उघडून हळूहळू वाढवणं ही भित्र्या हाताची सवय, त्याने मोठे बुडबुडे होतात. मग जग केसभर खाली घ्या, कागद हलके फाडल्यासारखा ‘त्सिस्, त्सिस्’ आवाज आला पाहिजे. तीच हवा आत जातेय. भुर्रकन फुगा फुटल्यासारखा आवाज आला तर टोक फार वर आलंय, आणि किंचाळल्यासारखा आला तर हवा जातच नाहीये.

हवा किती, हे सेकंदांत सांगणारे बरेच भेटतील. त्यांचे सेकंद त्यांच्या मशीनचे असतात. जोरदार वाफेला तीन-चार सेकंद पुरतात, तुमच्या मशीनला दहा-बारा लागू शकतात. त्यापेक्षा दोन खुणा धरा. एक म्हणजे दुधाची पातळी, जी साधारण एक सेंटीमीटरने वर यायला हवी, म्हणजे १५० मिलीचे १९० मिलीच्या आसपास. दुसरी खूण तळहात. जगाला लावलेल्या हाताला गारपणा जाणवेनासा झाला, ना गार ना कोमट, की दूध शरीराच्या तापमानाजवळ आलं. तिथे हवा बंद. टोक सेंटीमीटरभर आत घालायचं आणि उरलेला सगळा वेळ नुसता भोवरा फिरवायचा. या टप्प्यात मोठे बुडबुडे आत ओढले जाऊन फुटतात आणि फेस दुधात एकजीव होतो. तुमचा ‘जाड पांढरा गोळा’ येतो तो बहुतेक इथूनच: हवा उशिरापर्यंत घालत राहिल्यामुळे. उशिरा शिरलेल्या हवेला मोडायला वेळच उरत नाही.

जग दोन सेकंदांहून जास्त धरवेनासा झाला की वाफ बंद करा. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान थांबलात तर तापमान अजून दोन-तीन अंश स्वतःहून चढतं. ६५ च्या पुढे जाऊ नये. ७० च्या वर प्रथिनं बिघडतात, चव उकळल्यासारखी होते, फेस सैल पडतो. वाफ बंद करेपर्यंत टोक दुधातच ठेवा, नाहीतर शेवटच्या क्षणी बुडबुड्यांचा एक थर फुकट मिळतो. मग वाँड लगेच पुसा आणि पुन्हा वाफ सोडा. वाळलेलं दूध टोकाच्या छिद्रात अडकलं की पुढच्या वेळी वाफ वाकडी जाते आणि आपण तासभर स्वतःला दोष देत बसतो.

आता दुधाकडे नीट बघा. ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी हवी. जग ओट्यावर एकदा ठोकून पाच-सात सेकंद गोल फिरवा, दूध कडांना चिकटून सरकलं पाहिजे. ठोकूनही बुडबुडे राहिले तर त्या जगातून हार्ट काढायचा हट्ट करू नका, नुसतं ओतून पिऊन टाका. आणि फिरवणं थांबवू नका. फेसातून दूध खाली निथळायला लगेच सुरुवात होते. वीस-तीस सेकंद जग स्थिर राहिला की वर ताठ फेस आणि खाली पातळ दूध असे दोन थर झालेले असतात. तुमचा ‘काहीच उमटलं नाही आणि शेवटी भसकन गोळा पडला’ हा कप याचाच नमुना. आधी खालचं पातळ दूध आलं, नंतर फेस एकदम घसरला.

कॉफीबद्दल थोडक्यात, कारण तुमचा शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) तुमच्या वर्णनावरून ठीक आहे: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५–३० सेकंद. भाजून दोन-तीन दिवसच झालेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, क्रेमा (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) फसफसतो आणि चित्राच्या कडा खातो. आठवडा उलटू द्या. फार जुन्या बियांचा क्रेमा पातळ आणि फिका, मग पांढऱ्यावर पांढरं. सिंगल बॉयलरवर शॉट आधी आणि वाफ नंतर असाच क्रम राहणार, म्हणजे एस्प्रेसो मिनिटभर थांबणार. त्यावर साय धरल्यासारखा थर येतो. ओतण्याआधी कप गोल फिरवून तो मोडा. एवढ्याने कॉन्ट्रास्ट पुष्कळ सुधारतो.

इथवरचा हिशेब: वाँडमधलं पाणी काढा, दिव्याच्या किंचित आधी वाफ सुरू करा, हवा गारपणा जाईपर्यंतच, बाकीचा वेळ भोवरा, आणि ओतेपर्यंत जग फिरता ठेवा. अदलाबदलीच्या चाचणीत दोष दुधाचा निघाला तर पुढचा भाग वाचायची घाई नाही.

ओतणं म्हणजे एकाच गोष्टीचा खेळ: उंची. उंचावरून पडणाऱ्या धारेला वेग असतो, ती क्रेमाच्या खाली बुडी मारते आणि वर तपकिरी रंग कायम राहतो. जवळून ओतलेल्या दुधाला बुडायला जोर नसतो, आणि फेस हलका, म्हणून तो वर तरंगतो. तर सुरुवातीला चोच सात-आठ सेंटीमीटर वर, धार बारीक, कप जगाकडे कललेला. गोल तळाचा, साधारण २२० मिलीचा कप निम्मा भरेपर्यंत असंच. मग जग सरळ खाली, चोच पृष्ठभागाला जवळपास टेकेल इतकी, आणि त्याच क्षणी धार दुप्पट. सेकंदभरात पांढरं उमटलं पाहिजे.

या जागी जवळजवळ सगळेच अडखळतात, म्हणून हात हळू करून बघू. जग खाली आणताना भीती वाटते की सांडेल, आणि नकळत धार बारीक होते. जवळ आलात पण धार बारीक, तर फेस जगातच अडून राहतो आणि पातळ दूधच येत राहतं. पांढरं दिसत नाही म्हणून माणूस घाबरून जग आणखी तिरका करतो आणि साठलेला फेस एकदम येतो. तुमचा कांदा तो हाच. उपाय कप धरलेल्या हातात आहे. कप पुरेसा कललेला असेल तर द्रव कडेजवळ येतो आणि चोचीला फार खाली जावंच लागत नाही. पांढरं उमटलं की जग जागेवर ठेवा, वर्तुळ स्वतः वाढू द्या, आणि कप भरेल तसा हळूहळू सरळ करा. कप भरत आला की चोच पाच सेंटीमीटर उचला, धार दोऱ्यासारखी करा आणि वर्तुळाच्या मधून पलीकडच्या कडेपर्यंत न्या. हार्ट झाला. जगात १५–२० मिली दूध उरलं तर उरू द्या. तो शेवटचा फेस ओतायच्या मोहात शेपटाचा बोळा होतो.

हार्ट कलता येत असेल तर चोच कपाच्या मध्यरेषेवर नाही किंवा जगाची मूठ हातात पिळलेली आहे. मूठ नेहमीच्या जागेपासून बोटभर सरकवून धरून बघा. ट्युलिप म्हणजे थांबून थांबून ओतलेले हार्ट: पहिला गोळा, जग न उचलता नुसता मागे कलवून धार तोडायची, सेंटीमीटरभर मागे दुसरा गोळा, तो पहिल्याला पुढे ढकलतो. थर एकमेकांत मिसळले तर दूध पातळ. ढकललेच जात नसतील तर दूध ताठ. म्हणूनच हार्टच्या आधी ट्युलिपच्या मागे लागू नका असं म्हणतो. ट्युलिपमध्ये तेच दोष तीनदा दिसतात.

दूध वाया न घालवता सराव करायचा तर १५० मिली गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. हवा आणि भोवरा यांचा अंदाज त्याने छान येतो, खाली कपात पाण्यात कालवलेली कोको पावडर. प्यायचं अर्थातच नाही, आणि नंतर वाँड स्वच्छ पाण्यात बुडवून दोनदा वाफ सोडा. मात्र साबणाचा फेस दुधासारखा वाहत नाही, त्यामुळे कडा आणि थरांचा सराव दुधावरच होतो.

राहिली तुमची चुरस. ती बंद करू नका, नियम बदला. फोटोवरून शिकण्यात काही कमीपणा नाही. सिएटलच्या डेव्हिड शोमर यांनी १९९२ मध्ये रोझेटा (बारीक रेषांचं पानासारखं चित्र) बसवला तो एक फोटो बघूनच. अडचण अशी की दहा कपांतला एक निवडून टाकलेला फोटो काहीच सांगत नाही. २००५ पासून होणाऱ्या वर्ल्ड लाटे आर्ट चॅम्पियनशिपमध्ये स्पर्धक आपल्या डिझाइनचे फोटो आधी देतात आणि मग तेच डिझाइन हुबेहूब जोडीने ओतून दाखवावं लागतं. हे तत्त्व उचला. एक महिना सगळ्यांनी फक्त हार्ट. लागोपाठ दोन कप, आणि गुण त्या दोन कपांतल्या वाईट कपाला. या एका नियमाने चार थरांचा नशिबाने जमलेला ट्युलिप बाद होतो.

फोटो बरोबर वरून, कपाचा कान उजवीकडे, फिल्टर नाही. त्याच कपाचा दुसरा फोटो एका मिनिटाने. चांगल्या फेसाची चकाकी मिनिटभर टिकते, हवा जास्त झालेल्या कपावर तोवर चाळणीसारखे खड्डे पडलेले असतात. गुण चारच गोष्टींना: दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कॉन्ट्रास्ट, कडेची धार, आणि चित्र कपाच्या मध्यावर आहे का. मतं तिघांनी एकदमच टाकायची, नाहीतर पहिल्याचं बघून दुसरा डोलतो. आणि जिंकणाऱ्याने आपलं दूध, सेकंद आणि थांबल्याचं तापमान ग्रुपवर लिहायचं, हे सक्तीचं करा. डबल बॉयलरवाल्याला खास सवलत किंवा दंड नको. महिन्यातून एकदा एकाच मशीनवर तिघांनी ओतलं की तो वाद आपोआप मिटतो, आणि बहुधा त्याला तुमच्या मशीनवर पहिल्यांदा घाम फुटतो.

टोकदार चोचीचा जग आत्ता नको. ती चोच रोझेटाच्या बारीक रेषांसाठी बरी, हार्ट आणि ट्युलिपला गोलसर, रुंद चोच जास्त माफ करते. तरी मन मानत नसेल तर अदलाबदलीच्या दिवशी मित्राचा जग हातात येणारच आहे. तेव्हा एकाच दुधाचे दोन कप ओता, एक त्याच्या जगातून, एक तुमच्या, आणि कोणता कोणाचा हे न सांगता तिसऱ्याला दाखवा.